वासंतीची चोवीस वाक्यं

१

सकाळी सहा वाजता मी पाण्याची मोटार लावतो आणि टाकी भरेपर्यंत वासंतीची नळी धुतो. ऑपरेशननंतर आम्ही घरी आलो त्या दिवसापासूनचा, म्हणजे फेब्रुवारी १९९३ पासूनचा हा क्रम आहे. तिच्या घशात गाठ होती. ती काढताना स्वरयंत्रही काढावं लागलं. आता गळ्याच्या खालच्या अंगाला, दोन हाडांच्या मधल्या खळग्यात, श्वासासाठी एक वाट आहे आणि त्या वाटेत चांदीची नळी. तिच्या आत आणखी एक बारीक नळी असते. ती रोज काढायची, गरम पाण्यात ब्रशनं धुवायची आणि परत बसवायची. मी टेलिफोनच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे, त्यामुळे बारीक कामाला हात बसलेला आहे.

डॉक्टरांनी एक गोष्ट तीनदा सांगितली होती. "त्यांना आता हाक मारता येणार नाही. कान तुम्ही ठेवायचा. श्वास मऊ येत असला तर ठीक. शिट्टीसारखा यायला लागला की नळी तुंबतेय असं समजा. मग एक मिनिट थांबायचं नाही."

मी कान ठेवायला शिकलो. राजाजीनगरातलं आमचं घर लहान आहे. पुढं हॉल, मधे झोपायची खोली, मागं स्वयंपाकघर, सगळीकडं लाल सिमेंटची जमीन. पेपर वाचताना, दाढी करताना माझा एक कान तिच्याकडं असायचा. बांगड्या, चपलांची फटफट, पातेल्यावर पडणारं झाकण आणि या सगळ्याच्या तळाशी तो मऊ श्वास. ती कुठं आहे आणि कशी आहे, हे मला घरात कुठंही बसून कळायचं.

बोलायला तिच्याकडं दोन गोष्टी होत्या. एक दगडी पाटी, आणि दुसरा हॉलच्या खिडकीशी ठेवलेला कॉम्प्युटर.

२

त्या कॉम्प्युटरात वासंतीचा आवाज होता. त्याची हकिगत अशी.

ऑपरेशनच्या आठवडाभर आधी तिचा धाकटा भाऊ गिरीराज टेपरेकॉर्डर घेऊन आला. तो एका संशोधन संस्थेत इंजिनिअर आहे, वय बेचाळीस, पण बहिणीसमोर आला की बारा वर्षांचा होतो.

"अक्का, रोज जे बोलतेस तेवढंच बोल. भाषण नको."

"मी कधी भाषण करते रे?"

"भावजींना विचार."

"मला कशाला मधे घेतोस?" मी म्हणालो. त्यावर ती हसली आणि ते हसणंही टेपवर आलं.

स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तिनं चोवीस वाक्यं सांगितली. हो. नको. सरी, सरी, म्हणजे इकडच्या भाषेत बरं, बरं. स्वल्प थांबा. कॉफी ठेवू का? छत्री घेतली का? विठाबाई, आत या. गिऱ्या, जेवून जा. अहो, इकडं या. अशी. मधे ती खाकरली, पदर सावरला, एकदा उठून गॅस बारीक केला.

गिरीराजनं ऑफिसातल्या मशीनवर कॅसेटमधला आवाज आकड्यांत उतरवला. एका सेकंदाला आठ हजार आकडे. तीन फ्लॉप्या भरल्या. आमचा कॉम्प्युटर म्हणजे त्याच्या संस्थेनं काढून टाकलेला जुना. त्याला हार्ड डिस्क नव्हती, फ्लॉपीची दोन तोंडं तेवढी होती, आणि पोटात एक रुपयाएवढा स्पीकर. तो फक्त पीं वाजवण्यासाठी दिलेला असतो. त्याच्यातून माणसाचा आवाज काढणारा प्रोग्रॅम मला एस. पी. रोडवरच्या दुकानात मिळाला. तो लिहिणारा कॅनडातला कुणी हॅरल्ड. विकत घ्यायचा नाही, असाच घ्यायचा, वापरायचा, दुसऱ्यालाही द्यायचा, आणि आवडला तर हॅरल्डला काहीतरी पाठवायचं. सुरू करताना दर वेळी पडद्यावर हॅरल्ड चार ओळींत हीच विनंती करायचा आणि आपण एखादं बटण दाबेपर्यंत थांबायचा. डॉलर पाठवणं आम्हाला जमण्यासारखं नव्हतं. मी चंदनाच्या साबणाच्या दोन वड्या पार्सल केल्या.

आता माझी चूक लिहितो.

तीन फ्लॉप्या बदलत बसलं तर वासंतीला पटकन बोलता येईना. मला तिची सगळी वाक्यं एकाच फ्लॉपीत हवी होती. हॅरल्डच्या प्रोग्रॅमबरोबर आवाज कापायची सोयही होती. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, आरंभ आणि शेवट ठरवायचा, बाकीचं टाकायचं. मार्च महिन्यात पंधरा संध्याकाळी बसून मी ते केलं. शब्दाच्या आधीचा श्वास काढला. नंतरचं हसणं काढलं. खाकरणं, बांगड्या, मागची कुकरची शिट्टी, दोन शब्दांमधला थांबा, सगळं काढलं. पाच सेकंदांचं वाक्य पावणेदोन सेकंदांत बसायला लागलं. ड्रॉइंगवरची जादा रेघ ब्लेडनं खरवडतो, तसंच ते मला वाटलं. शेवटी चोवीस वाक्यं एका फ्लॉपीत बसली आणि वर ३१,७४४ इतकी जागा उरली. मी वहीत लिहिलं, "काम चोख झालं."

आधीच्या तीन फ्लॉप्या पुसून ऑफिसच्या कामाला वापरल्या. मूळ कॅसेटवर तर ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांच्या सूचना टेप करून घेतल्या होत्या. एकही सूचना सुटू नये म्हणून. हाताशी तीच एक कॅसेट होती.

फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते. तिच्यावर चिकटपट्टी लावली की त्या फ्लॉपीवर यंत्राला काही लिहिता येत नाही, फक्त वाचता येतं. मी पट्टी लावली आणि नखानं घट्ट दाबली.

३

एप्रिल ते जून हे तीन महिने चांगले गेले.

प्रत्येक वाक्याला एक बटण दिलं होतं. आवाज बारीक यायचा, पूर्वीच्या ट्रंक कॉलसारखा, पण तिचाच यायचा. शेजारच्या विठाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा वासंतीनं बटण दाबलं आणि कॉम्प्युटर म्हणाला, "विठाबाई, आत या." विठाबाई उंबऱ्यावरच खाली बसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "अगं प्रत्येकाला एवढं छान बोलवतीस, मला एकदा शिव्या घाल बघू. म्हणजे खरं वाटंल."

वासंतीनं लगेच "नको"चं बटण चार वेळा दाबलं.

गिरीराज यायचा तेव्हा ती त्याला जेवण झाल्यावरही "गिऱ्या, जेवून जा" ऐकवायची. तो म्हणायचा, "भावजी, तुमचं नशीब आहे. आता अक्काला गप्प करायचं तर वायर काढली की झालं. आम्हाला घरी अशी सोय नाही." वासंती हसली की खांदे हलायचे आणि नळीतून हवेचे लहान लहान झोत यायचे. ते तिचं नवं हसणं. मला ते हळूहळू आवडायला लागलं होतं.

४

११ जुलै, रविवार. महिन्यातून एकदा मी फ्लॉपीतल्या फायलींची यादी पडद्यावर काढून वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहायचो. फ्लॉपी खराब व्हायला लागली तर आधी कळावं म्हणून.

"हो" ही सगळ्यांत लहान फाईल. वहीत ४,११२ लिहिलं होतं. पडद्यावर ४,९६० दिसत होतं.

मला आधी वाटलं मीच चुकीचं लिहिलं. पण मी आकडा लिहिल्यावर पुन्हा मोजून खाली बारीक खूण करतो, आणि ती खूण होती. बाकीची तेवीस वाक्यंही थोडी थोडी वाढलेली होती. पट्टी जागच्या जागी होती.

वासंती मागं अंगणात कपडे वाळत घालत होती. मी "हो" वाजवलं.

"हो," कॉम्प्युटर म्हणाला. आणि त्यानंतर, सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढा, एक श्वास आला. बोलून झाल्यावर माणूस आत घेतो तसा.

मी मार्चमध्ये कापला होता तो श्वास.

५

भीती वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला आनंद झाला.

कारणं मी शोधली. हॅरल्डचा प्रोग्रॅम कापलेला भाग खरं तर काढत नसेल, नुसता झाकून ठेवत असेल. पण तसं असतं तर फ्लॉपीत सगळं मावलंच नसतं. मग वाटलं, स्पीकर आवाज घेतही असेल. आमच्या कारखान्यात इंटरकॉमला एकच स्पीकर असतो. बोलायला तोच, ऐकायला तोच. पण त्यासाठी उलटी तार लागते. मी कॉम्प्युटरचं झाकण उघडून पाहिलं, तशी तार नव्हती. शिवाय पट्टी होती. आणि यादीच्या तळाशी उरलेली जागा अजूनही ३१,७४४ च दाखवत होती. फायली वाढल्या होत्या, पण जागा कमी झाली नव्हती. भरलेल्या घागरीत कुणी तांब्याभर पाणी ओतावं आणि काठ जिथल्या तिथं राहावा, तसं.

मी गिरीराजला फोन केला. तो म्हणाला, "भावजी, जुनं मशीन आहे. आकडे चुकीचे दाखवत असेल. आवाज नीट येतोय ना? मग सरी."

आवाज नीट येत होता. नीटपेक्षा जास्त येत होता. वासंती अंघोळीला गेली किंवा मारुतीच्या देवळात गेली की मी वाजवायला बसायचो. दर वेळी शेवटाला थोडं जास्त मिळायचं. "कॉफी ठेवू का?"च्या मागं बांगड्या आल्या. "सरी, सरी"च्या मागं पदराची सळसळ आली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात "गिऱ्या, जेवून जा"च्या शेवटी ती हसली. खरं हसणं, गळ्यातून आलेलं. मी ते नऊ वेळा वाजवलं. वहीत नऊ रेघा आहेत.

ती देवळातून परत आली तेव्हा मी डोळे पुसत होतो. तिनं पाटीवर लिहिलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, कांदा चिरला." तिनं स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. कांदा चिरलेला नव्हता. ती काही लिहायला लागली, मग पाटी पुसून टाकली.

६

पाटी पुसली ती हातानं. त्याआधी ती दोन अक्षरं लिहून गेली होती. पेन्सिल पाटीवर फिरताना मी पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की पेन्सिलीचा आवाज आला नव्हता.

दगडी पाटीवर पेन्सिल किरकिरते. काही वेळा तर अंगावर काटा येतो. मी वासंतीला म्हणालो, "आज काय भाजी करायची, लिही बघू." तिनं लिहिलं, "बीन्स." मी पाटीच्या अगदी जवळ कान नेला होता. रस्त्यावरून फुलवालीची आरोळी आली, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली, पण पेन्सिल मुकाट्यानं सरकत राहिली. पाटी माझ्या हातात घेऊन मी स्वतः एक रेघ ओढली. ती करकरली.

कारखान्याच्या दवाखान्यात जाऊन मी कान तपासून घेतले. दोन्ही उत्तम. तपासणारा म्हणाला, "वयाच्या मानानं फार चांगले आहेत, सार."

मी पुन्हा बारकाईनं ऐकायला लागलो तेव्हा कळलं की किती दिवस मी ऐकलंच नव्हतं. तिच्या चपला वाजत नव्हत्या. नळाखालची बादली तिनं उचलली तर कडीचा आवाज येत नव्हता, मी उचलली तर येत होता. बांगड्या हातभर होत्या आणि एकमेकींवर आपटताना मला दिसत होत्या.

विठाबाई दळण घेऊन आल्या होत्या. त्या एकदम दचकल्या. "अगंबाई! कधी येऊन उभी राहिलीस? मांजर तरी बरं हो, तिच्या गळ्यात घंटा बांधता येतीय." आणि मग मला म्हणाल्या, "अण्णा, हिला नीट जेवायला घालताय ना? पाऊलसुद्धा वाजत नाही हिचं."

श्वास मात्र अजून येत होता. बारीक झाला होता, पण येत होता. मी जवळ जाऊन ऐकायचो.

७

सप्टेंबरात एका दुपारी तिच्या हातून स्टीलचं ताट निसटलं.

मी दारातच उभा होतो. ताट काठावर पडलं, उडालं, लाल जमिनीवर गोल गोल फिरायला लागलं. फिरताना ताटाचा काठ जमिनीला लागत होता, वेग वाढत गेला, मग ते एकदम बसलं. मला काहीच ऐकू आलं नाही. वासंतीनं खांदे आवळून घेतले होते, आवाज येणार म्हणून. तो आला नाही तेव्हा तिनं हळूच खांदे सोडले आणि माझ्याकडं पाहिलं. तिलाही ऐकू आलं नव्हतं.

मी ताट उचलून मोरीत ठेवलं. ठेवताना ते वाजलं.

मग मी हॉलमध्ये गेलो, फ्लॉपी घातली, हॅरल्डच्या विनंतीला बटण दाबलं आणि एकेक वाक्य शेवटपर्यंत ऐकत गेलो. "अहो, इकडं या" ही फाईल सगळ्यांत जास्त वाढली होती. तिच्या शेवटी ताट पडलं. फिरत फिरत बसलं.

कापलेलं परत येतंय असं मी समजत होतो. पण मार्चमध्ये ताट पडलंच नव्हतं.

त्या दिवशी मी चोवीसही आकड्यांची बेरीज केली. ती पाच लाखांच्या वर गेली. त्या फ्लॉपीत सगळं मिळून साडेतीन लाख आणि वर काही, एवढंच मावतं. उरलेली जागा, ३१,७४४.

मी हॅरल्डला पत्र लिहिलं. उत्तर ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आलं, विमानाच्या टपालानं, हातानं लिहिलेलं. "प्रिय श्री. गुंडोराव, साबण मिळाले. माझी आई ते कपड्यांच्या कपाटात ठेवते. कापायचा प्रोग्रॅम वेगळा आहे, वाजवणारा फाईल फक्त वाचतो. लिहिण्याचा भाग त्यात मी घातलेलाच नाही. तुम्ही सांगता ते त्याच्याकडून होणं शक्य नाही. तुमच्या पत्नीची तब्येत कशी आहे?"

चांगला माणूस असावा. मी पत्र वहीत ठेवलं आणि वाजवणं बंद केलं. वाजवल्यानं वाढतं, असा माझा हिशेब होता. फ्लॉपी पाकिटात घालून कपाटात, साड्यांच्या खाली ठेवली. वासंतीला सांगितलं की कॉम्प्युटर बिघडलाय.

तिनं पाटीवर लिहिलं, "बरं झालं."

८

३१ ऑक्टोबर, रविवार. फ्लॉपी कपाटात ठेवून आठ दिवस झाले होते.

जेवण करून वासंती मधल्या खोलीत आडवी झाली. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. दार उघडं होतं, मधे फार तर बारा फुटांचं अंतर. घरात शांतता होती. मी पेपरातलं एक पान पूर्ण वाचलं, दुसरं वाचलं. समोरच्या घरातला रेडिओ ऐकू येत होता. आपली झोप लागली असेल तिला, असं वाटून मला बरं वाटलं.

तीन वाजता कॉफीचं विचारायला उठलो.

ती पलंगाच्या कडेला बसली होती. उजव्या हातात पाण्याचं तांब्याचं भांडं होतं आणि ते ती भिंतीवर आपटत होती. सगळा जोर लावून. भिंतीचा चुना उडून पलंगावर पडला होता, भांड्याला पोचे आले होते. तिचे ओठ निळे पडले होते. मी दारात उभा होतो, तिचा हात माझ्यासमोर भिंतीवर आदळत होता आणि आवाज येत नव्हता. नळीतून शिट्टी येत असणार. तीही ऐकू येत नव्हती.

पुढचं माझ्या हातांनी केलं. आतली नळी काढली, ती घट्ट कफानं बंद झाली होती. तिची छाती एकदम वर आली. मी तिला पुढं वाकवून पाठ धरली. नळी धुऊन परत बसवेपर्यंत ओठांचा रंग परत आला होता.

थोड्या वेळानं मी विचारलं, "किती वेळ?"

तिनं पाटी मागितली. "दोन्ही पानं उलटलीत तुम्ही. मला दिसत होतं. उठता येत नव्हतं."

९

तिला कॉफी दिल्यावर मी तिला सगळं सांगितलं. कापणं, कॅसेट, वाढलेले आकडे, कांदा. काही लपवलं नाही. वही तिच्या मांडीवर ठेवली. ती एकेक पान बघत गेली. नऊ रेघांच्या पानावर थांबली, तिथं बोट ठेवलं, माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही.

मग उठून साड्यांखालून तिनंच फ्लॉपी काढली. ती कुठं आहे हे तिला माहीत होतं.

हॉलमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो. उजेड चांगला होता, चारचं ऊन खिडकीतून बटणांवर पडलं होतं. यादी काढली. आठ दिवसांत फ्लॉपी कुणी हात न लावता पडून होती. प्रत्येक फाईल वाढली होती. तिनं "अहो, इकडं या"वर बोट ठेवलं.

"नको, वासंती."

तिनं बटण दाबलं.

"अहो, इकडं या." मग श्वास. बांगड्या. पाटीवरची किरकिर, लांबलचक, काय काय लिहिलं होतं तिनं इतक्या दिवसांत. चपला. ताट पडलं, फिरलं, बसलं. मऊ श्वास बराच वेळ. मग त्याच्यात बारीक शिट्टी शिरली. ती वाढत गेली. भांडं भिंतीवर आदळायला लागलं. एक, दोन, मी मोजत होतो, सवयीनं, अकरा, बारा. रुपयाएवढ्या स्पीकरमधून तो आवाज इतका मोठा येत होता की टेबल थरथरत होतं.

सतराव्या ठोक्यानंतर सगळं थांबलं. आणि तिचा आवाज आला. गळ्यातून आलेला, पूर्वीचा, ऑपरेशनच्या आधीचा, पण थकलेला.

"अहो... मी इथं आहे हो."

हे वाक्य चोवीसांत नव्हतं.

मी वासंतीकडं पाहिलं. ती पडद्याकडं बघत होती. तिचा चेहरा कसा होता हे मी नीट लिहू शकत नाही. आगगाडीच्या खिडकीत आपल्या ओळखीचं कुणी दिसावं आणि गाडी निघालेली असावी, तसा.

तिनं पाटी ओढली आणि लिहिलं, "मी हेच म्हणत होते. मनात."

"मग ही..."

तिनं तेवढं पुसलं. पुन्हा लिहिलं. "तीपण मीच आहे. पुसा."

"मला नाही जमायचं. पुन्हा कधीच ऐकायला मिळणार नाही मग. मी काही ठेवलेलं नाही, वासंती, कॅसेटसुद्धा."

ती बराच वेळ लिहीत होती. मी त्या न वाजणाऱ्या पेन्सिलीकडं बघत बसलो. "चार महिने तुम्ही तिकडंच ऐकताय. मी इकडं होते."

मी फ्लॉपी बाहेर काढली. पट्टी तिनं सोलली. मी इतकी घट्ट दाबली होती की तिचं नख लागलं. फ्लॉपी परत घातली, सगळं पुसायची आज्ञा लिहिली. यंत्र एवढं तरी विचारतं. नक्की ना? हो असेल तर एक बटण, नसेल तर दुसरं. माझं बोट वरच्यावर थांबलं. मला वाटत होतं की मी कुणाच्या तरी तोंडावर हात ठेवणार आहे. माझ्या डाव्या हातात वासंतीचा हात होता, गरम, जरासा ओला, नाडी लागत होती. मी त्या नाडीकडं लक्ष दिलं.

तिनं माझं बोट हळूच बाजूला केलं आणि स्वतः बटण दाबलं.

फ्लॉपीचा लाल दिवा लागला. आत चाक फिरलं, घासल्यासारखा आवाज झाला. इतकी कामं मी त्या यंत्रावर केली, पुसायला इतका वेळ कधी लागला नव्हता. दिवा विझला तेव्हा ऊन बटणांवरून उतरून खुर्चीच्या पायाशी गेलं होतं.

१०

नंतरचे तीन दिवस मी रजा काढली. तिच्या जवळून हललो नाही. श्वास कानांना कळत नव्हता म्हणून तिच्या पाठीवर तळहात ठेवून बसायचो. पाठ वर यायची, खाली जायची. विठाबाई मध्येच डोकावून म्हणाल्या, "काय हो अण्णा, या वयात?" आणि हसत निघून गेल्या. वासंतीचे खांदे हलले.

चौथ्या दिवशी सकाळी ती कॉफीचं फिल्टर भरत होती. मी स्टुलावर बसलो होतो. तिनं फिल्टरचं झाकण ओट्यावर ठेवलं. नेहमीसारखं काही ऐकू आलं नाही. तिनं चमचा घेतला, पूड घातली, चमचा खाली ठेवला.

मग झाकण ठेवल्याचा आवाज आला.

आम्ही दोघांनी एकदमच ओट्याकडं पाहिलं. तिचे दोन्ही हात कोरडे, रिकामे, पदराशी होते. पाठोपाठ चमचा वाजला. तिनं हात तोंडावर घेतला, आणि मला बांगड्या हललेल्या दिसल्या, आणि मग त्या वाजल्या.

तेव्हापासून तिचे सगळे आवाज येतात. चपला येतात, पाटी येते, श्वास येतो, मऊ असतो. फक्त तिच्या मागून येतात. ती खोलीतून निघून गेलेली असते आणि पावलं अजून माझ्यासमोरून जात असतात. गिरीराजला हे जाणवलेलं नाही. तो म्हणाला, "अक्का आता बरी दिसतीय." मी सरी म्हणालो.

आता घरी असलो की मी नळी दर दोन तासांनी पाहतो, कानावर अवलंबून राहत नाही. बाकीचा वेळ तिच्याजवळ बसतो. ती पाण्याचं भांडं खाली ठेवते, माझ्याकडं बघते, आणि आम्ही दोघं थांबतो. मग ते वाजतं. ती मान हलवते.

मधे किती वेळ जातो, तो वाढतोय की कमी होतोय, हे माझ्या वहीत कुठंही लिहिलेलं नाही. घड्याळ समोरच्या भिंतीवर आहे. मी त्याच्याकडं पाठ करून बसतो.